गरीब देश गरीब का राहतात: दोष नियमांचा की कारभाराचा?

निफाडकर: निर्यातीच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये बायका कात्रीने एकेक खराब मणी काढून अर्ध्या किलोच्या डब्यांत घड बसवतात, तेव्हा त्या मालाचा भाव अनेकदा पक्का नसतो, तो परदेशात कंटेनर उघडल्यावर ठरतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाचा अंश सापडल्याने महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात अडकली. अंश होता हे खरे, परंतु किती अंश चालेल हे ठरवताना आम्हांला कोणी विचारले नव्हते. श्रीमंत आणि गरीब देशांतली दरी टिकते ती नियम करणारे आणि पाळणारे वेगळे असल्यामुळे, असे माझे ठाम मत आहे. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली की, श्रीमंत देशांच्या अनुदानांमुळे कापसाचे भाव पडतात, ती बंद करा. त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही. त्याच प्रश्नावर अमेरिकेविरुद्ध खटला चालवण्याची ताकद ब्राझीलकडे होती. तो जिंकला आणि २०१४ च्या तडजोडीत त्याला ३० कोटी डॉलर मिळाले.

गंगापूर रोडकर: निफाडकर साहेब, कापसाचे मान्य, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही. १९६० च्या सुमारास दक्षिण कोरिया आणि घाना यांचे दरडोई उत्पन्न जवळपास सारखे होते, आणि जागतिक बाजार दोघांनाही तोच होता. कोरियाने जमिनीचे फेरवाटप केले, शाळा काढल्या आणि कारखानदारांना निर्यातीला जुंपले. बोत्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा अत्यंत गरीब होता. पुढे हिरे सापडले आणि तो पैसा त्याने रस्ते, शाळा, दवाखान्यांवर लावला. हिरे काँगोतही आहेत, पण तो गरीबच राहिला. कारभाराचा दोष परक्यांच्या माथी मारला की घरचे सत्ताधारी सुटतात, याची मला खरी चिंता वाटते.

निफाडकर: कोरियाचेच उदाहरण घ्या. त्याने परदेशी मालावर जबर आयातकर लावून आणि आपल्या कारखान्यांना स्वस्त कर्ज देऊन उद्योग उभे केले, शिवाय अमेरिकेची भरघोस मदत घेतली. आज एखाद्या आफ्रिकी देशाने तसे करायचे ठरवले, तर कर्जाच्या अटी आणि व्यापार करार आडवे येतात. ज्या शिडीने वर चढलात, ती खालच्यासाठी ठेवायला नको का?

येवल्याची सून: दादा, शिडीची गोष्ट आपल्यालाही लागू होते. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा लासलगावला भाव कोसळला आणि ढाक्यात कांदा भडकला. बांगलादेशच्या गृहिणीला कोणी विचारले होते? आम्ही तेव्हा कांदाचाळीत साठवलेला कांदा मिळेल त्या भावाने विकला. ज्याच्या हाती नळ, तो आपल्या सोयीने बंद करतो. त्यात गोरे-काळे नाही. म्हणून निव्वळ श्रीमंत देशांवर रोष धरणे मला अपुरे वाटते.

निफाडकर: ताई, कांद्याचा मुद्दा मी बिनशर्त मान्य करतो, त्या गृहिणीवर अन्यायच झाला. तरीही एक फरक उरतो. आपण चांदवडला महामार्ग अडवला, लिलाव बंद पाडले आणि पुढे मे महिन्यात बंदी उठली, कारण दिल्लीला आपले मत लागते. मालीच्या कापूस शेतकऱ्याचा भाव जिथे ठरतो, त्या वॉशिंग्टनमध्ये त्याला मत नाही.