मदत हवी आहे: वडील अमेरिकेत घरीच गेले, केस मेडिकल एक्झामिनरकडे गेली आहे (मेरीलँड)

पंचगंगा_काठ

मंडळी, घाईत लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

आईबाबा दीड महिन्यापूर्वी कोल्हापूरहून आमच्याकडे आले होते. काल पहाटे बाबा बाथरूममध्ये कोसळले. ९११ ला फोन केला, ॲम्ब्युलन्सवाले लगेच आले, बरेच प्रयत्न केले, पण घरातच सगळं संपलं. पाठोपाठ पोलीस आले. मग फॉरेन्सिक इन्व्हेस्टिगेटर म्हणून एक बाई आल्या. तासभर विचारत होत्या: रात्री काय जेवले, छातीत दुखत होतं का, आधी पडले होते का. बाबांच्या गोळ्यांची पिशवी मागून घेतली, पाकिटं मोजली, नावं लिहून घेतली, फोटो काढले. फार समजुतीने वागल्या, तक्रार काहीच नाही. पण जाताना म्हणाल्या, ही केस चीफ मेडिकल एक्झामिनरच्या ऑफिसच्या अखत्यारीत येते, बॉडी बाल्टिमोरला न्यावी लागेल.

आई तेव्हापासून एकच विचारतेय, "पोलीस कशाला आले? आपण काय केलंय?" तिकडून काकांचे फोन चालू आहेत, "चिरफाड करू देऊ नकोस."

कोणाला अनुभव आहे का? बाबांचं वय ७१, बीपी-शुगर होती, २०१९ मध्ये अँजिओप्लास्टी झालेली. मग संशय कसला? पोस्टमॉर्टेमला नाही म्हणता येतं का? बॉडी कधी मिळेल, आणि घ्यायला मी जायचं का? दहाव्याच्या आत अस्थी तरी मिळतील ना, एवढंच आई विचारतेय.

शमा_बाल्टिमोर

फार वाईट वाटलं. काकूंना आधी हे सांगा: संशय कसलाही नाही. मी इथे आयसीयूत नर्स आहे, हे नेहमी बघते.

दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहून सही करायला इथलं लायसन्स असलेला, पेशंटला ओळखणारा डॉक्टर लागतो. तुमच्या बाबांचे डॉक्टर कोल्हापुरात, त्यांची सही इथे चालणार नाही. व्हिजिटर म्हणून आलेल्या माणसाचा इथे फॅमिली डॉक्टर कुठून असणार? मेरीलँडच्या कायद्यात खून, आत्महत्या, अपघात याबरोबरच "अचानक, धडधाकट असताना" किंवा "डॉक्टरच्या देखरेखीशिवाय" झालेला मृत्यूही मेडिकल एक्झामिनरकडे, म्हणजे मृत्यूचं कारण शोधणाऱ्या सरकारी डॉक्टरकडे जातो. तुमची केस त्या शेवटच्या खणातली. पोलीस येतात कारण घरात अचानक झालेल्या अशा मृत्यूची नोंद त्यांनाही करावी लागते.

त्यांना दोन गोष्टी ठरवायच्या असतात. एक कारण, म्हणजे हृदयविकार, मेंदूत रक्तस्राव वगैरे. दुसरा प्रकार: नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, हत्या किंवा अनिश्चित. बाथरूममध्ये पडून डोक्याला लागून गेले की आधी हृदय थांबलं म्हणून पडले, यावर तो प्रकार बदलतो. आणि विम्याचा क्लेमसुद्धा. म्हणून ते सगळे प्रश्न.

प्रत्येक केसमध्ये चिरफाड होतेच असं नाही. जुनी कागदपत्रं पुरेशी असतील तर नुसती बाहेरून तपासणी करूनही डॉक्टर सही करतात. तेव्हा अँजिओप्लास्टीचा डिस्चार्ज पेपर, जुने ईसीजी, असेल ते आजच्या आज पाठवा. मोबाईलवर काढलेला फोटोही चालेल. धार्मिक कारणाने शवविच्छेदनाला हरकत घेता येते, कायद्यातच तशी सोय आहे. मात्र चीफ मेडिकल एक्झामिनरना गरज वाटली तर ते हरकत असूनही परवानगी देऊ शकतात. हरकत आहे हे आत्ता फोन करून सांगा, केस नंबर हाताशी ठेवा. उद्यावर ढकलू नका.

गिरगावकर_आजोबा

आपल्याकडे असं झालं असतं तर पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली असती, पंचनामा, मग सरकारी रुग्णालयात पीएम. तपासाची सूत्रं पोलिसांच्या हातात, डॉक्टर फक्त मत देणार. मेरीलँडमध्ये उलटं आहे, कारण शोधणं डॉक्टरच्या ताब्यात. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात बहुतेक काउंट्यांत निवडून आलेला कॉरोनर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी असतो, तो डॉक्टर असायलाच हवा असंही नाही. आमच्या मुंबईतही १९९९ पर्यंत कॉरोनर होता, इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने नेमलेला. तरुण पिढीला खरं वाटत नाही.

पक्या_डीसी

मेरीलँडने १९३९ मध्येच सगळ्या राज्यासाठी एकच मेडिकल एक्झामिनर यंत्रणा आणली, अमेरिकेत पहिली. त्याच बाल्टिमोरच्या इमारतीत फ्रान्सिस ग्लेसनर ली यांनी बनवलेली बाहुलीघरं आहेत, १८, प्रत्येकात एक संशयास्पद मृत्यू हुबेहूब मांडलेला, पोलिसांना निरीक्षण शिकवायला...

शमा_बाल्टिमोर

पक्या, दुसरा धागा काढ. इथे माणूस अडचणीत आहे.

पक्या_डीसी

सॉरी, खरंच. पंचगंगा, गाडी लागली, कुठे जायचं असलं तर सांग, मी वीस मिनिटांवर आहे.

रॉकव्हिलकर

आमच्या सासूबाई २०१७ मध्ये अशाच गेल्या. तुमच्या उरलेल्या प्रश्नांचं सांगतो.

बॉडी आणायला तुम्ही जायचं नाही. आज एक फ्युनरल होम ठरवा, हिंदू अंत्यसंस्कार नेहमी करणारं. तुम्ही त्यांच्या फॉर्मवर सही केली की ते बाल्टिमोरला फोन करतात आणि बॉडी ताब्यात मिळणार असं कळलं की गाडी पाठवतात. आमच्या वेळी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाली. दर्शन, गंगाजल, तुळशीपत्र सगळं फ्युनरल होममध्ये करता येतं. शवविच्छेदन झालंच तर त्याचे पैसे कुटुंबाला पडत नाहीत.

विषतपासणी लागली तर दाखल्यावर कारणाच्या जागी "पेंडिंग" येतं. घाबरू नका, दहन त्यासाठी अडत नाही. रक्ताचे नमुने काढून ठेवलेले असतात, अहवालाला महिने लागू शकतात, नंतर दाखला दुरुस्त होतो. अडतो तो विमा.

अस्थी नेण्यासाठी मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि बाबांचा पासपोर्ट रद्द करून घेणं, ही तयारी ठेवा. मेरीलँड वॉशिंग्टनच्या वकिलातीकडे येतं. आणि व्हिजिटर इन्शुरन्सचे कागद शोधा, बऱ्याच पॉलिशांत पार्थिव नेण्याचा किंवा इथल्या दहनाचा खर्च असतो. आम्ही ते चार महिन्यांनी वाचलं, मुदत गेल्यावर.

पंचगंगा_काठ

सगळ्यांचे आभार. शमाताई, तुमचं वाचून लगेच फोन केला. डिस्चार्ज पेपर बहिणीच्या व्हॉट्सॲपवर सापडला, २०१९ चा, तिरका काढलेला फोटो. तोच पाठवला. आईच्या वतीने हरकतही नोंदवली.

आत्ता फोन आला. फक्त बाहेरून तपासणी केली, डोक्याला मार नाही. हृदयविकार, नैसर्गिक. "पेंडिंग" नाही. आईला "नॅचरल" हा शब्द मराठीत तीनदा समजावून सांगितला, मग ती पहिल्यांदा रडली.

शनिवारी सकाळी दहन. पक्या, गुरुजींना आणायला येशील का?

फ्युनरल होमवाले विचारतायत दाखल्याच्या किती प्रती हव्यात. तिकडे एलआयसी, पेन्शन, बँक, सातबारा, सगळंच आहे.

पक्या_डीसी

येतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

रॉकव्हिलकर

दहा घ्या, नंतर एकेक मागवत बसण्यापेक्षा बरं. त्यातल्या दोन-तीनवर मेरीलँडच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारं प्रमाणपत्र) करून घ्या, तिकडच्या कचेऱ्या विचारतात. आणि छापायच्या आधी नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. सासूबाईंच्या आडनावात एक "ए" जास्त पडला होता, तो काढायला आम्हाला सव्वा वर्ष लागलं.