‘शक्ती’चं बारसं कोणी केलं?

खाडीकाठ: मे २०२५ आठवतोय? कोकणासमोर कमी दाब धड तयारही नव्हता, तोवर चॅनेलवाल्यांनी ‘शक्ती’ चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळवलंसुद्धा. २४ मेला रत्नागिरी-दापोलीदरम्यान आलं ते साधं डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाच्या पुढची, पण चक्रीवादळाच्या अलीकडची पायरी. वारा ताशी ६२ किमीच्या वर गेल्याशिवाय आपल्याकडे वादळाला नाव मिळत नाही. माझं स्पष्ट मत: डिप्रेशन होईपर्यंत ‘चक्रीवादळ’ हा शब्द कोणी उच्चारूच नये. लोक एकदा हसले की पुढच्या वेळी ऐकत नाहीत.

तांडेलाचा पोर: डिप्रेशन होईपर्यंत थांबायचं? फयान चक्रीवादळ विसरलात वाटतं. २००९, ९ नोव्हेंबरला डिप्रेशन, ११ला किनाऱ्यावर. बाहेर गेलेल्या कित्येक खलाशांचा पत्ताच लागला नाही. निसर्ग वादळ तरी काय, १ जून २०२०ला डिप्रेशन आणि ३ला अलिबागच्या दक्षिणेला हजर.

खाडीकाठ: इशारा नको असं कुठे म्हटलंय? हवामान खातं रोज सांगतं, डिप्रेशन होण्याची शक्यता शून्य, कमी, मध्यम की जास्त. तेवढंच दाखवा ना.

बर्फवाली: ‘मध्यम’ घेऊन काय करू? डिझेल, बर्फ, रेशन भरून बोट उभी, १ जूनपासून मासेमारी बंद. जायचं की नाही ते सांगा.

ढगोबा: असं हो-नाही सांगता येत नाही, ताई. मे महिन्यात अरबी समुद्राचं पाणी गरम असतंच, तो प्रश्न नाही. खालचा वारा एकीकडे आणि वरचा भलतीकडे असला की ढगांचा मनोरा कलतो, केंद्र उघडं पडतं, वादळ जोर धरत नाही. शिवाय पंचवीस सालचं केंद्र किनाऱ्याला इतकं चिकटून होतं की जोर धरायला पाणीच कमी पडलं. जरा पश्चिमेला बनलं असतं तर कदाचित नावही मिळालं असतं. आणि केंद्र नेमकं कुठे बनणार, यावरच आधी हवामानाच्या संगणक-मॉडेलांचं एकमत नसतं. ‘मध्यम’ म्हणजे टाळाटाळ नव्हे, तेवढंच माहीत असतं.

तांडेलाचा पोर: नावाचं तुम्हीच बघा. डिप्रेशनलाही समुद्र खवळतोच. बंदरात इशाऱ्याचा ३ नंबरचा बावटा लागला की आमचा विषय संपला.

खाडीकाठ: बावटा खात्याच्या सांगण्यावरून लागतो, चॅनेलच्या नव्हे. मी वेगळं काय म्हणतोय?

बर्फवाली: बावटा बंदरात लागतो. चार दिवसांपूर्वी गेलेल्या बोटीला तो दिसत नाही, फोनला रेंज नसते. तिला वायरलेसवर ‘मध्यम’ असतानाच बोलावणार की ‘जास्त’ झाल्यावर, तेवढं सांगा. रिकाम्या फेरीचं डिझेल कोण देणार, तेही.