४ जीबी रॅमच्या विंडोज लॅपटॉपवर लिनक्सच्या कमांड शिकवायच्या आहेत, नेट कमी

वणी_अभ्यासिका:
नमस्कार मंडळी. गावच्या अभ्यासिकेत चार लॅपटॉप आहेत, विंडोज १०, रॅम प्रत्येकी ४ जीबी. कापूस-सोयाबीनच्या भावाच्या सीएसव्ही फायलींवर (स्वल्पविरामानं रकाने पाडलेला साधा मजकूर) पोरांना ग्रेप (शब्द शोधणं), सॉर्ट (क्रम लावणं), ऑक (रकान्यांवर काम) शिकवायचं आहे. विंडोज काढता येत नाही, हिशेब आणि मराठी टायपिंग त्यावरच चालतं. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं, लाईन गेली की तेही जातं. एका मशीनवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) टाकलं तर शेवटी ८०३७०१०२ असलेली एरर येते. दुसऱ्यावर सुरू झालं, पण ऑकला शेवटच्या रकान्यात 'वणी' असलेल्या ओळी मागितल्या की काहीच येत नाही. एक्सेलमध्ये उघडलं तर ओळी दिसतात. काहून होते हे? आणि चारही मशीनवर वेगवेगळं डाउनलोड करावं लागते काय?

काळी_माती:
ती एरर व्हर्च्युअलायझेशन (एका मशीनमध्ये दुसरं आभासी मशीन चालवायची सीपीयूची सोय) बंद असल्याची आहे. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू निवडा, खाली 'व्हर्च्युअलायझेशन' समोर डिसेबल्ड दिसेल. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची सेटिंग) जाऊन इंटेलच्या मशीनवर व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी, एएमडीवर एसव्हीएम मोड चालू करा.

पण डब्ल्यूएसएलच्या दोन आवृत्त्या आहेत, आणि ४ जीबीवर मी आवृत्ती २ सुचवणारच नाही. तिच्यात खरोखरचं लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) एका हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं आणि ते निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकतं. उरलेल्या २ जीबीत विंडोज आणि ब्राउझर रडत बसतात. आवृत्ती १ लिनक्सच्या सिस्टिम कॉलचं (प्रोग्राम कर्नलकडे जे मागतात त्याचं) विंडोजसाठी भाषांतर करते. तिला व्हर्च्युअलायझेशन लागत नाही, वेगळी रॅमही अडकत नाही. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायचं साधन) चालणार नाही, पण ग्रेप-ऑकला काय फरक पडतो? 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मध्ये 'विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स'वर टिक करा, मशीन रीस्टार्ट करा, मग डब्ल्यूएसएल --सेट-डिफॉल्ट-व्हर्जन १. (कमांड इथे उच्चारानं लिहिल्या आहेत, टाइप इंग्रजी अक्षरांतच करायच्या.)

पेनड्राइव्ह_नागभीड:
चारदा डाउनलोड बिलकूल करू नका. एका मशीनवर डब्ल्यूएसएलमध्ये उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाका, लागणारी पॅकेजेस तिथेच घेऊन ठेवा. डब्ल्यूएसएल --शटडाउन केल्यावर:

डब्ल्यूएसएल --एक्सपोर्ट उबुंटू डी:\उबुंटू.टार

ती फाइल पेनड्राइव्हनं दुसऱ्या लॅपटॉपवर न्या आणि तिथे:

डब्ल्यूएसएल --इम्पोर्ट उबुंटू डी:\उबुंटू डी:\उबुंटू.टार --व्हर्जन १

डब्ल्यूएसएलची एमएसआय (इन्स्टॉल करायची) फाइलही मायक्रोसॉफ्टच्या गिटहब पानावरून एकदाच उतरवून सोबत न्या. दोन जागी माणसं अडकतात. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसतच नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. दुसरं म्हणजे, इम्पोर्टनंतर सरळ रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) म्हणून लॉगिन होतं. पोरांच्या हाती रूट देऊ नका. /ईटीसी/डब्ल्यूएसएल.कॉन्फ या फायलीत चौकटी कंसात 'यूजर' आणि खालच्या ओळीवर 'डिफॉल्ट=' पुढे नेहमीच्या यूजरचं नाव लिहा, मग डब्ल्यूएसएल --टर्मिनेट उबुंटू करून पुन्हा उघडा.

ऑक_वाला:
'वणी' न सापडण्याचं कारण ओळीच्या शेवटात आहे. विंडोज प्रत्येक ओळ दोन चिन्हांनी संपवतं, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. लिनक्स फक्त लाइन फीडनं. म्हणून शेवटच्या रकान्यात 'वणी' नसून 'वणी' अधिक एक न दिसणारं कॅरेज रिटर्न आहे. 'फाइल -ई सीएसव्ही' ही कमांड त्या फायलीवर चालवा, उत्तरात सीआरएलएफ (त्याच दोन चिन्हांचं नाव) येईल. कॅट -ए वापरू नका, देवनागरीचा नुसता चिवडा दिसतो.

उपाय डॉसटूयूनिक्स, ही कमांड ते कॅरेज रिटर्न काढून टाकते. एक्सेल 'सीएसव्ही यूटीएफ-८' सेव्ह करताना फायलीच्या सुरुवातीला बीओएम (अक्षरांची एनकोडिंग सांगणारी न दिसणारी खूण) टाकतं, तेही ही कमांड काढते. एक्सेलमध्ये साधं 'सीएसव्ही' मात्र निवडू नका. मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत.

आणखी एक, आपल्या भाषेपुरतं. 'व्यापाऱ्याचे नाव' मधला 'ऱ्य' दोन तऱ्हेनं टाइप होतो: 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरून, किंवा र, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला एकच, ग्रेपला दोन वेगळे शब्द. वेगवेगळ्या माणसांनी भरलेल्या फायली असतील तर आधी सेडनं (शोधून बदलणारी कमांड) एकसारखं करून घ्या, नाहीतर बेरीज गुपचूप कमी येईल.

वणी_अभ्यासिका:
डॉसटूयूनिक्सनं वणीच्या ओळी आल्या जी! फायली विंडोजच्याच फोल्डरमध्ये ठेवल्या तर चालेल ना?

काळी_माती:
आवृत्ती १ मध्ये खुशाल ठेवा, सी ड्राइव्ह /एमएनटी/सी म्हणून दिसतो. आवृत्ती २ मध्ये त्याच जागी काम बरंच मंदावतं. उलट दिशेनं मात्र जपून: लिनक्सच्या घरातल्या फायली विंडोजमधून हव्या असतील तर त्या फोल्डरमध्ये एक्सप्लोरर.ईएक्सई, स्पेस, टिंब असं टाइप करून उघडा. ॲपडेटामध्ये (विंडोजचं लपलेलं फोल्डर, लिनक्सच्या फायली तिथे असतात) शोधत जाऊन तिथली फाइल नोटपॅडनं बदलली तर आवृत्ती १ मध्ये ती खराब होऊ शकते.