दुपारी दोन ते चार मशीन बंद ठेवली तर मी आळशी का?

सुईदोरा, नागपूर

मी घरीच ब्लाउज शिवते, पंधरा वर्षं झाली. समोरच्या खोलीत दोन मशिनी, एक ओव्हरलॉक, आणि भिंतीला खिळ्यांवर अडकवलेल्या पिशव्या. एकेका पिशवीत साडी, पीस, मापाचा ब्लाउज आणि तारखेची चिठ्ठी. लग्नसराईत खिळे पुरत नाहीत. मग पिशव्या दिवाणावर येतात आणि आम्ही खाली झोपतो.

बाबा इतवारीत एका दुकानात हिशेब लिहायचे. लक्ष्मीपूजनालाही रात्री अकराला घरी यायचे आणि आम्हाला त्याचं कौतुकच वाटायचं. कष्टानंच यश मिळतं, तेच माझ्यात आलं. पहाटे पाचला मशीन सुरू, रात्री बाराला बंद. कोणी विचारलं कसं चाललंय, तर "श्वास घ्यायला फुरसत नाही बाप्पा" हे मी तोऱ्यात सांगायची.

मागच्या वर्षी एप्रिलच्या शेवटी रात्री साडेअकराला एक पैठणीचा पीस कापायला घेतला. साडीला लागूनच आलेला पीस, म्हणजे बिघडला तर दुसरा मिळायचा प्रश्नच नाही. कूलर नुसती गरम हवा फेकत होता. कात्री चालवताना काही कळलं नाही. बाह्या मुंढ्याला टाचायला घेतल्या तेव्हा दिसलं, दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या. मी त्या उलट्यासुलट्या करून चार वेळा लावून पाहिल्या, जणू फिरवल्यानं एखादी उजवी होईल. त्या जरीच्या पीसला उलटी बाजू होती, तिथे काही चालत नाही. नवरीची आई रागावली असती तर बरं झालं असतं. त्यांनी साडी घडी केली, पिशवीत ठेवली आणि गेल्या. दुसरा पीस आणि वरचे मिळून ३,८०० रुपये मी दिले.

जूनमध्ये अंगठ्याजवळची शीर धरली. डॉक्टरांनी तीन आठवडे कात्री बंद केली. तेव्हा दुपारी झोपायची सवय लागली ती लागलीच. या सीझनला ऑर्डरी मोजून घेतल्या, दोन ते चार मशीन बंद. मे महिन्यात नागपुरात दोन वाजता तसंही कोण येतं!

वही समोर आहे. मागचा एप्रिल: १६८ ब्लाउज, ३५० रुपयांनी ५८,८००. त्यातले ४१ दुरुस्तीला परत आले, ते फुकट उसवून दिले. हाताखाली दोन मुली. हा एप्रिल: १०४ ब्लाउज, ४५० नी ४६,८००. परत आले सहा. मुलगी एकच, म्हणजे ६,००० वाचले. पैठणीचे ३,८०० नाहीत. सगळं धरून फरक राहिला २,२०० रुपयांचा.

हिशेब पटतो, मन मानत नाही. मी पडले की सासूबाई खिडकीचा पडदा ओढतात. उन्हासाठी नाही हो, समोरच्या घरातून दिसू नये म्हणून. तुळशीचं लग्न झालं की पुन्हा सीझन. दारावर सरळ बोर्ड लावू का? की हे दोन-चार महिन्यांचं कौतुक आहे?

काटोलचा संत्रेवाला

ताई, मी शिकलेला नाही तेवढा, बागेतलं सांगतो. मृग बहार, म्हंजे पावसाच्या सुरुवातीला येणारी फुलं, घ्यायचा असला तं मे महिन्यात झाडाचं पाणी तोडा लागते. याले आम्ही ताण देणं म्हणतो. हलक्या जमिनीत लवकर ताण बसते, काळ्या भारीत जास्त दिवस लागते. पानं मलूल पडतात, काही गळतात. नवा माणूस घाबरते अन मोटर चालू करते. तिथंच बहार गेला. पाणी चालूच ठेवलं तं झाड नुसती पालवी फेकते. हिरवंगार दिसते, रस्त्यानं जाणारा वा वा करते, फूल नाही एक.

अन एकाच झाडावर आंबिया, म्हंजे थंडी सरताना फुलते तो बहार बी, अन मृग बी घेणारे पाहिले मी. दोन-तीन वर्षं पैसा दिसते, मंग सल पडते, फांद्या वाळत जातात. माह्या काकानं हेच केलं. त्या जागी आता कपाशी हाय.

पण ताण म्हणजे आराम नव्हे बरं का. जास्त दिला तं झाडच वाळते. तुमचे दोन तास काय हायेत, ते तुमाले माहीत.

महालची शिलाईवाली

राग नको मानू, पण तुझ्या वहीत झोपेनं काहीच केलेलं नाही. भावानं केलं आहे. १०४ ब्लाउज ३५० नी शिवले असतेस तर ३६,४०० झाले असते. तुझ्या गिऱ्हाइकांनी शंभर जास्त दिले म्हणून तू झोपू शकलीस. आमच्या गल्लीत तीनशेच्या वर गेलं की बाई पुढच्या दारी जाते. आणि मागच्या वर्षीच्या ६४ ब्लाउजांच्या बायका कुठे गेल्या, ते पण लिही वहीत.

बुटीबोरी पाळी

सगळ्यांचं वाचून राहिलो. ताई, तुमचं बरं आहे, मशीन तुमची. मी एका कारखान्यात ठेकेदाराकडे आहे. आठ तासांची पाळी कागदावर, बारा तास खरी. कायद्यात आठवड्याचे ४८ तास आणि जादा कामाला दुप्पट मजुरी लिहिली आहे. हातात एकपट येते. तरी कोणी नाही म्हणत नाही, कारण गाडीचा हप्ता त्याच्यातून जातो. कष्टानं यश मिळतं असं मला कधीच वाटलं नव्हतं. कष्टानं महिना निघतो, एवढंच. दुपारच्या झोपेवर चर्चा करणाऱ्यांनी एकदा आमच्या बसमध्ये बसून पाहावं. सकाळी सहाला सगळे माना टाकून झोपलेले असतात.

निवृत्त मास्तर

बुटीबोरीच्या भावाला आधी उत्तर. तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि जुनं आहे. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये लूम खात्यात होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली मिल, २००२ मध्ये बंद पडली, आता त्या जागेवर मॉल आहे. मी तिथे कॉफी पितो तेव्हा कसंतरीच होतं, पण पितो. आजोबा सांगत, पाळीच्या शेवटच्या तासात धागा सारखा तुटतो. धागा तोच, यंत्र तेच, जोडणारा हात थकलेला. रविवारची सुटीसुद्धा कोणी प्रेमानं दिली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती १० जून १८९० ला मिळाली, नारायण मेघाजी लोखंड्यांनी कित्येक वर्षं झगडल्यावर.

आता बाईंच्या ४१ दुरुस्त्यांकडे या. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाच्या तासांच्या नोंदी ठेवल्या होत्या. जॉन पेनकाव्हेल या अर्थशास्त्रज्ञाने २०१४ मध्ये त्या पुन्हा तपासल्या. आठवड्याला ७० तास राबून जेवढा माल निघाला, तो ५६ तासांच्या मालापेक्षा फारसा जास्त नव्हता. वरचे चौदा तास जवळजवळ पाण्यात. तिथे बहुतेक बायकाच होत्या हो कामाला.

सुईदोरा, नागपूर

सगळ्यांना धन्यवाद. महालच्या ताई, तुमचं लागलं, पण बरोबर आहे. ६४ मधल्या बऱ्याच बायका चौकातल्या नव्या दुकानात गेल्या. त्यातल्या दोघी परत आल्या, बाकीच्या नाही. आणि भाव मी धिटाईनं वाढवला नव्हता. हात दुखत होता म्हणून गिऱ्हाईक तोडायला ४५० सांगितले, तर त्या हो म्हणाल्या! गळा नीट बसायला लागल्यावर तोच भाव टिकला. आधीसारखा तिरका बसत असता तर कोणी तीनशेही दिले नसते.

बुटीबोरीच्या दादा, तुम्हाला माझ्याकडे उत्तर नाही. पण तुमचं वाचून एक गोष्ट केली. माझ्याकडची मुलगी हुक-काजाला नगावर पैसे घेते. दोन ते चार मी झोपायची आणि ती बाहेरच्या खोलीत काज करत बसायची. माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. परवापासून तिलाही त्या वेळी सुटी. पैसे कमी पडतील म्हणून तिचं तोंड उतरलं. नगामागे पाच रुपये वाढवले, तेव्हा घरी गेली.

काटोलच्या भाऊ, ताण की आराम ते अजून ठरत नाही. झोपेत पैठणी दिसते कधीकधी.

बोर्ड मुलाकडून लिहून घेतला. 'दुपारी २ ते ४ शिलाईकाम बंद'. सासूबाईंनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाल्या, "चार कशाला, साडेतीन लिही. लोक काय म्हणतील." आता अर्ध्या तासावरून घरात वाद चालू आहे. बोर्ड दाराच्या आत, भिंतीकडे तोंड करून उभा आहे.