मदत हवी आहे: पेरेग्रिन सॉलिटॉनच्या गणनेत कडांकडून येणाऱ्या खोट्या लाटा

अरेषीय श्रोडिंगर समीकरण (द्वितीय अवकलजाचा सहगुणक १/२, घन पदाचा १) स्प्लिट-स्टेप फूरिये पद्धतीने सोडवतोय, म्हणजे रेषीय आणि अरेषीय भाग आळीपाळीने, क्षेत्राच्या दोन्ही कडा एकमेकींना जोडलेल्या धरून. पार्श्वभूमीचा आयाम १, सुरुवात टी (वेळ) = -१० ला पेरेग्रिनच्या अचूक उत्तरापासून (सपाट पार्श्वभूमीवर एकदाच उठून विरणारं शिखर). क्षेत्र -५० ते ५०, बिंदू २०४८, कालपायरी ०.००१, डबल प्रिसिजन. टी = ० ला शिखर ३ च्या जवळ येतं, पण त्याच सुमारास दोन्ही कडांवर लाटा उठतात आणि मध्याकडे सरकतात.

कारण बहुधा हे: उत्तर सम असल्याने कडांवर किंमत जुळते, उतार जुळत नाही. सुमारे ०.०००६ ची उडी राहते आणि मॉड्युलेशनल अस्थिरता (सपाट पार्श्वभूमीवरचे छोटे बदल आपोआप वाढणं; कमाल वाढीचा दर १) ती फुगवते. राउंड-ऑफचा (आकडे पूर्णांकित होण्याचा) दोष वाटत नाही, २० एककांत तो १०⁻⁷ च्या आतच राहायला हवा.

बिंदू दुप्पट आणि कालपायरी ०.०००२५ केली, फरक शून्य. क्षेत्र दुप्पट केल्यावर उडी आठपट घटली, तरी लाटा जेमतेम २ एककं उशिरा आल्या, ८ चा नैसर्गिक लॉगॅरिदम २.१ च आहे! कडेच्या साध्या शोषक थराने (उत्तर शून्याकडे ओढणाऱ्या पट्ट्याने) तर पार्श्वभूमीच गिळली.

टी = +१० पर्यंत जायचंय. पुढे डिस्थेची पदं (पाण्याच्या लाटांसाठीच्या समीकरणातली पुढच्या कोटीची पदं) घालणार, त्यामुळे कडांवर अचूक उत्तर लादता येणार नाही. सपाट पार्श्वभूमी मात्र तेव्हाही अचूक उत्तर राहते.

म्हणून शून्याऐवजी सपाट पार्श्वभूमीकडे ओढणारा थर ठेवला, तर परावर्तन टाळायला त्याची रुंदी आणि ताकद किती असावी? की पार्श्वभूमीपासूनचं विचलनच वेगळं सोडवून, सुरुवातीलाच त्याला विंडो लावणं (कडांकडे हळूहळू शून्यावर आणणं) जास्त भरवशाचं?