गावित बहिणींची फाशी टळली, त्याचा दोष कुणाच्या माथी?

सडेतोड:
अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित. १९९० ते १९९६ या काळात १३ मुलं पळवली, त्यातली ९ मारली, असा आरोप. कोल्हापूरच्या कोर्टाने २००१ मध्ये दोघी बहिणींना फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली. आणि १८ जानेवारी २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली! लेकरांचा जीव घेणाऱ्यांची कोर्टाला दया येते, मग त्या लेकरांच्या आईबापांनी दाद मागायची कुणाकडे?

विधिज्ञ:
‘कोर्टाला दया आली’ हे वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो. निकालात दयेचा लवलेश नाही. गुन्हा निषेधाच्या शब्दांपलीकडचा आहे, असंच कोर्ट म्हणालं. फाशी गेली ती दयेच्या अर्जांवर निर्णय द्यायला ७ वर्षं १० महिने १५ दिवस लागले म्हणून. राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळले २०१४ मध्ये. तोवर कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होते. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने शत्रुघ्न चौहान प्रकरणात सांगून ठेवलं होतं की विनाकारण विलंब झाला तर फाशीची जन्मठेप होऊ शकते, मग गुन्हा कितीही भयंकर असो. उच्च न्यायालयाने तो कायदा लागू केला. तुम्हाला राग यायचाच असेल तर त्या फायली दाबून बसलेल्यांचा येऊ द्या. न्यायाधीशांना शिव्या घालणं सोपं असतं, कारण त्यांचं नाव निकालपत्रावर असतं. फाईल अडवणाऱ्याचं नाव कुठेच नसतं.

सडेतोड:
कायदा शिकवू नका. पुण्यातलं जोशी-अभ्यंकर खून प्रकरण आठवतं का? पहिला खून जानेवारी १९७६ चा. जक्कल, सुतार, जगताप, शाह चौघेही २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फासावर गेले. खटला, अपील, दयेचा अर्ज, सगळं आठ वर्षांच्या आत. तेव्हा तर टायपरायटर होते. तेव्हा जमलं ते आता का जमत नाही?

विधिज्ञ:
अहो, मी दुसरं काय सांगतोय? उच्च न्यायालयही हेच म्हणालं, संपर्काची इतकी साधनं हाताशी असताना हा वेळ लागलाच कसा. तुम्ही माझाच मुद्दा मांडताय आणि भांडताय मात्र माझ्याशी.

करवीरकर:
फाशी-जन्मठेपेचं तुम्ही दोघं बघा. माझा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. किरण शिंदेचं काय? रेणुकाचा नवरा. बायको, मेहुणी, सासू चोऱ्या करत हिंडत होत्या तेव्हा हा बरोबर. चोरीत संशय येऊ नये म्हणून कडेवर घेतलेली पोरं कुणाची, ती जातात कुठे, हे त्याला ठाऊक. तो झाला माफीचा साक्षीदार आणि सुटला. आमच्याकडे कोल्हापुरात तेव्हा शाळेच्या दारात आया पोरांचं मनगट सोडत नव्हत्या. त्या आयांना जाऊन सांगा, की सगळं बघणारा पुरुष घरी गेला आणि बायका फासाच्या वाटेवर.

विधिज्ञ:
त्याच्या साक्षीशिवाय हा खटला उभाच राहिला नसता. मुलं अगदी लहान, मृतदेह वेगवेगळ्या जिल्ह्यांत, कित्येकांची ओळखही पटलेली नाही. अंजनाबाई तर खटला सुरू होण्याआधीच १९९७ मध्ये तुरुंगात मेली. घरातला माणूस फुटल्याशिवाय कुठलं मूल कुठून उचललं हे कळणार कसं? आणि माफी फुकट नसते. सगळं खरं सांगायचं ही अट असते, मोडली की माफी जाते. नुसत्या त्याच्या शब्दावर कोर्ट विसंबत नाही, स्वतंत्र पुरावा मागतं. जोशी-अभ्यंकरमध्येही सुहास चांडक माफीचा साक्षीदार होताच.

करवीरकर:
म्हणजे पोलिसांनी तपास करायचा नाही, गुन्हेगारातलाच एक निवडायचा आणि त्याला सोडून द्यायचं! वर आम्ही आभार मानायचे!

सडेतोड:
करवीरकरांशी शंभर टक्के सहमत. विधिज्ञसाहेब, तुमच्या घरचं पोर असतं तर हीच भाषा केली असती का?

विधिज्ञ:
घरच्या पोरांना मध्ये आणू नका. मुद्दा संपला की माणसं घरावर येतात.

शालिनीताई:
मी आणते घरचं पोर. माझ्या बहिणीचा मुलगा जत्रेत हरवला होता. पोलीस ठाण्यात गेलो तर आधी ‘नातेवाइकांकडे बघा, येईल’. मग फोटो मागितला. बहीण धुणीभांडी करणारी, पोराचा एकट्याचा फोटो कुठून असणार? एका लग्नातला सगळ्यांचा फोटो दिला. हवालदाराने दोन बोटांत धरून बघितला, ‘यातला कुठला?’ म्हणाला आणि टेबलावर सरकवला. नाव लिहून घेतलं नाही. पोरगा एका फुलवालीने सांभाळून ठेवला होता म्हणून मिळाला.

आता गावितांकडे बघा. या बायकांनी उचलली ती बहुतेक गरिबाघरची पोरं. बसस्टँड, देवळं, जत्रा इथली. कडेवर मूल असलं की बाईवर संशय येत नाही, म्हणून. एकदा पाकीट मारताना पकडल्या गेल्या तर लोकांचं लक्ष उडावं म्हणून कडेवरचं मूल जमिनीवर आपटलं. आणि गर्दी हळहळली ती त्या बाईसाठी! सहा वर्षं हे चाललं. उघडकीला कुणामुळे आलं? अंजनाबाईच्या सोडून गेलेल्या नवऱ्याची दुसरी बायको नाशिकच्या पोलिसांकडे गेली म्हणून. तिची स्वतःची मुलगी यांनी मारली होती आणि दुसरीवरही डोळा होता. ती बाई गेली नसती तर? तुम्ही पुरुष मंडळी फाशी आणि साक्षीदार करत बसलाय. पहिल्या मुलाची तक्रार कुणी नीट नोंदवून शोधली असती तर पुढची कितीतरी वाचली असती.

करवीरकर:
ताई, मान्य. पण त्याने किरण शिंदे निर्दोष ठरत नाही.

शालिनीताई:
ठरतो असं म्हणालेच नाही मी!

विधिज्ञ:
ताईंचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच, अपहरण समजूनच तपास करायचा. तेव्हा हा नियम असता तर खूप फरक पडला असता.

शालिनीताई:
नियम कागदावर आला म्हणून टेबलामागचा माणूस बदलतो का? ‘येईल’ म्हणणारे आजही भेटतात.

सडेतोड:
बरं, फायली अडवणाऱ्यांचा दोष मोठा, हे घ्या मान्य केलं. न्यायाधीशांबद्दलचं वाक्यही मागे घेतो. पण उद्या या दोघी बाहेर आल्या तर?

विधिज्ञ:
सुटकेची मागणी त्यांनी केली होती, कोर्टाने नाकारली. पुढे शिक्षामाफीचा विचार झालाच तर तो सरकार करेल. तेव्हा जागे राहा आणि तेव्हा लिहा.

करवीरकर:
राहू जागे. पण किरण शिंदेबद्दल तुम्ही मला कायदा सांगितलात. हे न्यायाचं झालं का, ते अजून सांगितलेलं नाही.