नावाचं अक्षरचिन्ह स्वतः काढावं का? (गोधडीची लेबलं, पिशव्या, शिक्का)

वाईची शालन

नमस्कार मंडळी. मी वाईजवळच्या एका गावात गोधड्या शिवते. आम्ही चौघीजणी आहोत, शिलाई सगळी हाताची. लोक आईची-आजीची नऊवारी लुगडी आणून देतात, त्यातून पाच बाय सात फुटांची एक गोधडी व्हायला एकीच्या हाताला वीस-बावीस दिवस लागतात. काम आजीनं शिकवलं आणि नावही मला तिचंच ठेवलंय. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून गोधडी पुरी झाली की ती कोपऱ्यात पाच टाक्यांचं एक फूल घालायची. कुणाच्याही घरी गोधडी उलटून ते फूल दिसलं की कळायचं, ही शालनबाईची. मला लिहिता येतं, तर मला तिथं नाव घालायचंय. नुसतं "शालन", पण असं की लांबून बघितलं तरी ओळखू यावं.

गेल्या वर्षी एका दुकानात साडेतीन हजार देऊन नाव डिझाइन करून घेतलं. कॉम्प्युटरवर मोठं केलेलं फार छान दिसत होतं. मग त्याची दोनशे विणलेली लेबलं केली, अडीच सेंटिमीटर रुंदीची. हातात आली तेव्हा श ची गाठ भरून गेलेली, नुसता ठिपका. आणि ल बघून मला कसंतरीच झालं, कारण मी असा ल कधी लिहीतच नाही. माझा ल पाकळ्यांचा, हा दांडीचा. माझ्याच नावात परकं अक्षर.

दुसरं, कापडी पिशव्यांवर नावाखाली "हातानं शिवलेली" असं घ्यायचं होतं. चाळीस पिशव्या छापून आल्या आणि सगळ्यांवर शि ची वेलांटी श च्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाऊन पडलेली. वाचताच येत नाही. त्या पिशव्या उलट्या करून शिवणाचं सामान ठेवायला वापरतोय. आता स्क्रीन प्रिंटिंगवाले म्हणतात वेक्टर फाइल आणा, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणारी, आणि माझ्याकडे आहे फक्त जेपीजी, साध्या फोटोसारखी.

तर विचारायचं असं की हे नाव मी स्वतः काढू शकेन का? माझं अक्षर बरं आहे. एकच चित्र लेबल, पिशवी, शिक्का आणि प्रदर्शनातली दोन फुटांची पाटी या सगळ्यांवर चालेल का? आणि खाली इंग्रजीत नाव हवंच का?

धागादोरा (इचलकरंजी)

ताई, मी लेबल विणायच्या युनिटवर काम करतो, म्हणून तेवढ्यापुरतं सांगतो. विणीत वळण नसतं, पायऱ्या असतात. उभा धागा आणि आडवा धागा, त्यांच्या चौकटीत अक्षर बसवावं लागतं. तुमच्या लेबलवर अक्षर फार तर सहा मिलिमीटर उंच असणार. त्यात श ची गाठ म्हणजे जेमतेम एक मिलिमीटरचं भोक. दोन्हीकडचे धागे फुगले की ते बंद होणारच. दुकानानं पडद्यावर बघून काम केलं, लेबलच्या मापात छापून बघितलं नाही.

आमच्याकडे जो साधा नियम पाळतो तो हा, की अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ नको आणि एका मिलिमीटरपेक्षा लहान मोकळी जागा नको. नाव काढलं की कागदावर अडीच सेंटिमीटरमध्ये छापा, हात लांब करून बघा. तिथं वाचता आलं तर विणीत येईल. दोनशे एकदम घेऊ नका, आधी चार-पाच नमुने मागा. त्याचे पैसे वेगळे पडतात पण द्या.

गोधडी धुतली जाते, त्यामुळे कापडावर साध्या रबरी शिक्क्याची शाई मारू नका, पहिल्या धुण्यात पसरेल. शिक्का कागदाच्या टॅगला ठेवा.

पाटीवाला (सांगली)

शालनताई, तुमचा ल चा राग अगदी रास्त आहे, आणि तो नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही. मी तीस वर्षं पाट्या रंगवल्या, आता हात थरथरतो म्हणून अक्षरलेखनाचे वर्ग घेतो. मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा, ही आपली वळणं. दांडीचा ल आणि गाठीचा श ही हिंदीची. महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला त्यातही मराठीची हीच रूपं धरली आहेत. पण बऱ्याच फॉन्टांत आधी हिंदी वळण येतं. मराठी वळण आत दडलेलं असतं, मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगितलं तरच ते बाहेर येतं. दुकानातल्या मुलानं ते सांगितलं नाही, एवढंच घडलंय. ज्याला तयार फॉन्टच हवा त्यानं गूगल फॉन्ट्सवर तिरो देवनागरी मराठी बघावा, तो मराठीसाठीच वेगळा केलेला आहे. मुक्त परवान्याचा असल्यानं धंद्याला वापरायला हरकत नाही.

तुम्हाला मात्र मी फॉन्ट सुचवणार नाही, तुम्ही हातानंच काढा. तुमचं नाव कागदावर लिहा आणि फक्त उभ्या दांड्या मोजा. श ची एक, कान्याची एक, न ची एक. दांडीचा ल घेतला की चौथी येते आणि नाव कुंपणासारखं दिसायला लागतं. पाकळीचा ल घेतला तर दोन दांड्या, मग मधे ल च्या दोन गोल पाकळ्या रेघेला लोंबलेल्या, मग पुन्हा एक दांडी. नावाला मधोमध एक मोकळा श्वास मिळतो. तुमचं अक्षरचिन्ह त्या ल मध्येच आहे, बाकीची अक्षरं शांत ठेवा. आजीबाईंचं पाच टाक्यांचं फूल आणि ल च्या पाकळ्या, यांचं नातं मला तरी लिहिता लिहिताच दिसलं.

बोरू, म्हणजे तिरप्या कापाची वेताची लेखणी घ्या, नाहीतर आइसक्रीमची काडी तिरपी कापून घ्या. देवनागरीसाठी टोकाचा काप इंग्रजीच्या उलट असतो हे ध्यानात ठेवा. इंग्रजी कॅलिग्राफीचं निब घेतलंत तर जाड-बारीक चुकीच्या जागी पडेल. तीन-चार इंच उंच अक्षर काढा आणि पन्नास वेळा लिहा. पहिली वीस तुमची नसतील, कुठंतरी पाहिलेली असतील. त्यानंतर हात मोकळा होतो. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडग्यांनी नाटकाचं नावच असं काढलं की अक्षर बघून नाटकाचा स्वभाव कळावा, आणि ते सगळं हातानं. र. कृ. जोशी सुलेखनकार होते आणि त्यांनीच पुढे कॉम्प्युटरसाठी मंगल फॉन्ट केला. हात आधी, यंत्र मागून.

मनाजोगं उतरलं की स्कॅन करा, सहाशे डीपीआयला, म्हणजे एका इंचात सहाशे ठिपके. इंकस्केप नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात बिटमॅप ट्रेस केलं, म्हणजे स्कॅनच्या चित्राची कड गिरवून घेतली, की वेक्टर मिळतं. पण ट्रेसमध्ये कडेला शेकडो बारीक बिंदू येतात, ते हातानं कमी करा, नाहीतर पाटीएवढं मोठं केल्यावर कडा खरबरीत दिसेल. आणि इथं देवनागरीतली एक खास मेख आहे. अक्षरं सुटी जोडली असतील तर शिरोरेघा एकमेकींवर चढलेल्या असतात. छापताना ते कळत नाही. रेडियम कापणारं किंवा लाकडावर कोरणारं यंत्र मात्र प्रत्येक जोडावर चीर देतं, कारण त्याला कडा दिसते, अक्षर दिसत नाही. म्हणून सगळं निवडून युनियन करायचं, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच आकार होतो. कोरल सॉफ्टवेअरवाले त्याला वेल्ड म्हणतात. मी एकदा दवाखान्याच्या पाटीची सगळी अक्षरं या चुकीनं फुकट घालवली आहेत.

वेलांटीचं कारण सरळ आहे. काही सॉफ्टवेअरांत भारतीय लिप्यांचा कंपोझर, म्हणजे काना-वेलांट्या जागेवर बसवणारी सोय, चालू केली नाही की पहिली वेलांटी जागा सोडते. दुकानात मजकूर टाइप करायला द्यायचाच नाही. अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत बदललेली पीडीएफ द्या, म्हणजे ते अक्षर राहत नाही, चित्र होतं आणि कुणाच्याही कॉम्प्युटरवर तसंच उघडतं. सोबत कागदावर छापलेली प्रतही द्या.

इंग्रजीचं म्हणाल तर नावात नको. टॅगच्या मागे पत्ता आणि धुण्याच्या सूचना असतील तिथं लिहा.

नोंदवही

वर सगळं आलंय, मी फक्त नोंदणीचं सांगते. ट्रेडमार्कसाठी, म्हणजे धंद्याच्या नाव-चिन्हाच्या नोंदणीसाठी, माल आणि सेवांचे ४५ वर्ग आहेत, गोधडी २४ मध्ये बसते. व्यक्तीच्या नावानं ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला ४,५०० रुपये. अर्ज केला की नावाशेजारी टीएम (ट्रेडमार्क) लिहिता येतं. वर्तुळातला आर (®, म्हणजे नोंदणी झालेलं) मात्र नोंदणी झाल्याशिवाय अजिबात लावू नका, तो १९९९ च्या कायद्यानं गुन्हा आहे. ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये अर्ज प्रसिद्ध झाल्यावर चार महिने हरकतीसाठी असतात आणि नोंदणी दहा वर्षं चालते, मग नूतनीकरण. पन्नास कागदांपैकी निवडलेला मूळ कागद तारीख घालून जपून ठेवा, नाव तुम्हीच काढलंय याचा तो पुरावा आहे. आणि ज्या दुकानाला पैसे दिले होते त्यांचं ते जुनं चित्र आता कुठेच वापरू नका.

वाईची शालन

पाच आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला. काका, पन्नास नाही, एकशे चार वेळा लिहिलं. बोरू काही जमेना. हात थांबत होता, शाई साचत होती. मग एका दुपारी कागद बाजूला ठेवला आणि जुन्या धोतराच्या तुकड्यावर खडूनं नाव काढून सरळ धावदोऱ्यानं शिवलं, गोधडी शिवते तसंच. तिथं हात अडला नाही. शिवताना ल ची पाकळी आपोआप मोठी झाली, कारण सुई एवढ्या लहान वळणात फिरत नाही. त्या फडक्याचाच फोटो घेतला, तो भाच्यानं इंकस्केपमध्ये घेतला आणि आम्ही दोघांनी दोन रात्री बसून बिंदू कमी केले.

आता नाव असं आहे. अक्षरं भरीव, जाड, पाकळ्या रुंद. शिरोरेघ मात्र टाक्यांची, सात टाके, मधे फट. श ला देठ ठेवला, गाठ काढून टाकली, त्यामुळे भरून जायला भोकच उरलं नाही.

लेबलच्या नमुन्यात फटी बुजल्या. धागादोरा भाऊंचा नियम लावून मोजलं तर फट पाऊण मिलिमीटरचीच होती. म्हणून लेबलसाठी रेघ अखंड केली, आणि पिशवी, टॅग, पाटीवर टाक्यांची ठेवली. अशी दोन रूपं ठेवली तर चालतात ना? एकच हवं असा काही दंडक आहे का?

रंग डाळिंबी घ्यायचाय, आजीच्या इरकली लुगड्याचा. पडद्यावर तो प्रत्येक फोनवर वेगळा दिसतो.

पाटीवाला (सांगली)

दोन काय, तिसरंही असू द्या. शिक्क्यासाठी नुसता ल घेऊन बघा, पाकळ्यांसकट. टाक्यांची रेघ तुम्हाला घेता आली कारण तुमच्या नावात म-भ किंवा घ-ध नाहीत. त्या जोड्यांत रेघेच्या तुटण्यावरच अक्षर ओळखायचं असतं, तिथं फटी पाडल्या तर वाचणारा फसतो. नावाखालची "हातानं शिवलेली" ही ओळ टाक्यांत करू नका, ती साधीच राहू दे.

रंग पडद्यावर ठरवूच नका. लुगड्याचा चार बोटं तुकडा कापून स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे न्या, त्याला शाई समोर कालवायला सांगा, तुमच्याच पिशवीच्या कापडावर ठसा मारून वाळू द्या आणि उन्हात नेऊन तुकड्याशेजारी धरा. मांजरपाट पिवळसर असतो, त्यावर डाळिंबी थोडा विटकरीकडे झुकतो. तेवढी जांभळी झाक आधीच जास्त घालावी लागते.

वाईची शालन

तुकडा कापायला मन होत नव्हतं. शेवटी पदराच्या आतल्या दुमडीतून घेतला, तिथं रंग उडाला नव्हता. तिसऱ्या कालवणीला जुळला. साठ पिशव्या सांगितल्यात, शुक्रवारी मिळतील. पहिलं लेबल आजीच्याच एका जुन्या गोधडीला लावलं, तिच्या फुलाच्या शेजारी. फूल तसंच ठेवलंय.